वेगळ्या भांड्यातली भाजी

माई, नमस्कार.

मी मूळची सांगलीची. गेली बारा वर्षं आम्ही अटलांटाजवळच्या एका उपनगरात राहतो. नवरा आयटीत आहे, मी एका दवाखान्यात बिलिंगचं काम करते. मुलगा चौदा वर्षांचा, मुलगी नऊची. शेजारी एक निवृत्त शिक्षिका राहतात, वय चौऱ्याहत्तर, आफ्रिकन-अमेरिकन. आमचं छान जमतं. मला यायला उशीर झाला की मुलगी त्यांच्याकडेच थांबते. मी संक्रांतीला तिळगूळ देते, त्या एक जानेवारीला चवळी-भात पाठवतात. रविवारी सकाळी त्यांच्या घरातून चर्चची गाणी ऐकू येतात आणि मग त्या टोपी घालून बाहेर पडतात.

१९ जूनला त्यांच्या अंगणात कुकआउट होता. आम्हालाही बोलावलं होतं. सासूबाई सध्या इथे आल्या आहेत, त्यांनाही घेऊन गेलो. नेताना एक मोठं कलिंगड नेलं. ते देताना माझा नवरा हसत म्हणाला, ‘तुम्हा लोकांना हे आवडतंच, माहीत आहे आम्हाला.’ त्यांची भाची एकदम गप्प झाली. नंतर गाणी लागली. माझा मुलगा रॅपच्या ओळी म्हणत होता, त्यात तो एन-वर्ड, म्हणजे काळ्या लोकांना दिली जाणारी ती शिवी, आला आणि तोही त्याने मोठ्याने म्हटला. सगळं अंगण थबकलं. शेजारच्या बाईंनी त्याला बाजूला नेऊन काहीतरी सांगितलं. काय, ते तो सांगत नाही. सासूबाईंसाठी त्यांनी मुद्दाम पालेभाजी मांस न घालता वेगळ्या भांड्यात केली होती, पण सासूबाईंनी घेतली नाही. मी ‘आज त्यांचा उपास आहे’ म्हणून वेळ मारून नेली. त्या थोड्या वेळाने पाकिटातली बिस्किटं खात होत्या, ते बाईंनी पाहिलं असावं. घरी येताना सासूबाई म्हणाल्या, ‘काळी असली तरी माणसं चांगली आहेत हो.’ त्यावर माझी मुलगी म्हणाली, ‘आजी, मीपण काळीच आहे ना?’

आता तीन आठवडे झाले. बाई लांबून हात करतात, पण पूर्वीसारखं बोलणं नाही. मी त्या आत गेल्यावरच कचऱ्याचा डबा बाहेर ठेवते. नवरा म्हणतो, या देशात तोंड उघडायची सोय राहिली नाही, आणि आपल्याला काय कमी ऐकून घ्यावं लागतं? माई, आम्ही वंशवादी आहोत का? मी काय करू?

– एक सांगलीकर


सांगलीकर,

तुमचं पत्र मी तीनदा वाचलं. पहिल्यांदा कलिंगडापाशी अडकले, दुसऱ्यांदा तुमच्या मुलाच्या गाण्यापाशी. तिसऱ्यांदा मात्र भाजीचं ते भांडं दिसलं. तुम्ही ते दोन-तीन ओळींत उरकलंय, मुलीच्या प्रश्नाच्या आधी, जाता जाता. मला वाटतं, दुखणं तिथे आहे. त्याच्याकडे येते.

‘आम्ही वंशवादी आहोत का’ या प्रश्नाचं उत्तर मी देणार नाही. हो म्हटलं तर तुम्ही दोन दिवस रडाल, नाही म्हटलं तर सुटल्यासारखं वाटेल. दोन्हीतून शेजारच्या बाईंच्या पदरात काही पडत नाही. त्यांच्या अंगणात त्या दिवशी काय काय झालं, तेवढंच बघू.

कलिंगड. खरं सांगायचं तर त्या दिवशी कलिंगड नेण्यात काहीही चूक नव्हती. लिंकनने काढलेला गुलामांच्या मुक्तीचा जाहीरनामा अमलात आला १ जानेवारी १८६३ला, पण टेक्सासातल्या गॅल्व्हेस्टनमध्ये लष्कराने मुक्तीचा हुकूम वाचून तो लागू केला १९ जून १८६५ला. अडीच वर्षं तिथली माणसं कागदावर मोकळी आणि शेतावर गुलाम होती. तो हा जूनटीन्थचा दिवस. राष्ट्रीय सुट्टी २०२१मध्ये झाली, पण काळी कुटुंबं तो दीडशे वर्षांहून अधिक काळ पाळत आली आहेत, आणि त्या दिवशीच्या ताटात लाल रंग हवाच अशी रीत आहे : लाल सरबत, लाल केक आणि कलिंगडसुद्धा. म्हणजे फळ बरोबरच होतं. चुकलं ते फळासोबत आलेलं वाक्य.

गुलामी संपल्यावर दक्षिणेतल्या बऱ्याच काळ्या शेतकऱ्यांनी कलिंगडं पिकवली, रस्त्यावर विकली, पैसे मिळवले. स्वतःच्या कमाईचं फळ होतं ते. हे ज्यांना सहन झालं नाही त्यांनी त्याच फळाची टिंगल सुरू केली. पुढची कित्येक दशकं पोस्टकार्डांवर, जाहिरातींत, नाटकांत दात विचकून कलिंगड खाणारा काळा माणूस काढला गेला : आळशी, अडाणी, एका फोडीवर खूश. तुमच्या यजमानांना यातलं काही ठाऊक नसणार. पण ‘तुम्हा लोकांना’ या शब्दांनी तो सगळा जुना गठ्ठा त्या अंगणात उघडला. भाची गप्प झाली, कारण तिने तो विनोद बहुधा शाळेपासून ऐकला असेल. याची माफी छोटी आहे आणि ती यजमानांनी स्वतः मागायची आहे. एका वाक्यात संपते. तुम्ही त्यांच्या वतीने मागू नका.

(जाता जाता : पुढच्या वेळी बोलावणं आलं तर काहीही न्या, बटाट्याचं सॅलड नेऊ नका. काळ्या घरांत ते कुणी करायचं हे ठरलेलं असतं. आपल्याकडे मोदकाची पारी कुणाच्याही हाती देत नाहीत, त्यातलाच प्रकार.)

आता मुलगा. चौदा वर्षांचा पोरगा अटलांटात वाढतो आणि रॅप म्हणतो, यात नवल काय? ते शहर आज त्या संगीताची राजधानीच आहे. त्याला गाण्यापासून तोडायला जाऊ नका, उलट गाण्यात अजून आत ढकला. त्याला विचारा, हे सुरू कुठून झालं माहीत आहे का. ११ ऑगस्ट १९७३, न्यूयॉर्कचं ब्रॉन्क्स, सेजविक अॅव्हेन्यूवरची १५२० नंबरची इमारत. जमैकाहून आलेला एक अठरा वर्षांचा मुलगा, डीजे कूल हर्क. त्याच्या बहिणीला शाळा सुरू व्हायच्या आधी नवे कपडे घ्यायचे होते, म्हणून दोघांनी इमारतीच्या हॉलमध्ये पार्टी ठेवली आणि तिकीट लावलं. हर्कच्या लक्षात आलं होतं की गाण्यात गायक थांबतो आणि नुसते ढोल-ताशे उरतात (म्हणजे ड्रम हो, पण आम्हाला ढोलच सुचणार) तेवढ्यात लोक जास्त नाचतात. त्याने एकाच तबकडीच्या दोन प्रती दोन यंत्रांवर लावून तेवढाच तुकडा पुन्हा पुन्हा वाजवला. पैसा नसलेल्या पोरांनी दोन जुन्या तबकड्यांतून नवं संगीत काढलं. तुमच्या मुलाला हे आवडेल. शब्दाचं बोलणं त्यानंतर काढा.

तो शब्द समजवायला अमेरिकेचा इतिहास नको, आपलंच घर पुरे. आपल्याकडे काही जातींची नावं शिवीसारखी वापरली जात आली आहेत. त्या जातीत जन्मलेल्या कवीने तो शब्द कवितेत वापरला की आपण त्याला दाद देतो. नामदेव ढसाळांची भाषा आठवा. तोच शब्द वरच्या जातीतल्या माणसाने चारचौघांत त्याच्या तोंडावर फेकला तर १९८९च्या कायद्याने तो गुन्हा आहे. शब्द तोच. तो कुणी कुणाच्या पाठीवर मारला आणि मार खाणाऱ्याने तो उचलून स्वतःचा कसा केला, हे बघायचं. आपल्या पाठीवर तो वळ नाही, म्हणून तो शब्द आपला नाही. गाण्यात आला की क्षणभर ओठ मिटायचे, पुढची ओळ घ्यायची. त्याच्या काळ्या मित्रांनी ‘तू म्हण रे, चालतं’ म्हटलं तरी.

बाईंनी त्याला बाजूला नेऊन काय सांगितलं, ते खोदून विचारू नका. आयुष्यभर शाळेत शिकवलेल्या बाई आहेत. सगळ्यांदेखत न रागावता त्यांनी पोराला बाजूला घेतलं, यातच त्याचा मान राखला. ते त्या दोघांतलं राहू द्या.

आता ते भांडं.

तुम्ही ‘पालेभाजी’ लिहिलंय. ती कॉलर्ड ग्रीन्स असणार. मी शिकागोच्या दक्षिण भागात १९८४ ते ८८ अशी चार वर्षं काढली, नवऱ्याच्या पीएचडीपायी. आमच्या घरमालकीणबाई मिसिसिपीतून आलेल्या. त्यांच्याकडे ही भाजी होताना पाहिलीय. पानं जाड, कोबीच्या बाहेरच्या पानासारखी. आधी तीन-चार पाण्यांतून धुवायची, माती जाईपर्यंत. मग मधला दांडा काढायचा, पानांची गुंडाळी करून चिरायची आणि तास-दीड तास मंद आचेवर ठेवायची. चव येते ती धुरावलेल्या हाडामुळे, डुकराच्या नाहीतर टर्कीच्या मानेच्या. गुलामांच्या वाट्याला मालकाने टाकून दिलेले तुकडेच यायचे, त्यांतून ही चव उभी राहिली. आपल्याकडे वजडी आणि रक्ती ज्यांनी चविष्ट केली, त्यांना हे वेगळं समजावायला नको. भाजी शिजली की खाली जे हिरवट पाणी उरतं त्याला पॉटलिकर म्हणतात आणि ते मक्याच्या पावाबरोबर चमच्याने पितात. कुणी टाकत नाही. पुरणाचा कट आपण टाकत नाही तसं.

त्या भाजीतून हाड काढून टाकणं म्हणजे काय, कळतंय का? पुरणातून गूळ काढायचा आणि तरी पाहुण्याला पोळी गोड लागली पाहिजे. चौऱ्याहत्तर वर्षांच्या बाई, घरी पंचवीस-तीस माणसं येणार, दारात शेगडी पेटलेली, आणि त्यांनी एका परक्या म्हातारीसाठी वेगळी पानं निवडली, धुतली, वेगळ्या भांड्यात शिजवली. त्यांना कुणीतरी सांगितलं असणार की या बाई मांस खात नाहीत. बहुधा तुम्हीच. त्यांनी ते लक्षात ठेवलं.

आणि ती भाजी तशीच राहिली, पण पाकिटातली बिस्किटं चालली.

सांगलीकर, आपण दोघी त्याच भागातल्या. मी कऱ्हाडची. पाकीटबंद चालतं पण हातचं चालत नाही, फळ चालतं पण शिजवलेलं चालत नाही, याचा अर्थ आपल्याला कुणी शिकवावा लागत नाही. ते गणित आपण आईच्या दुधाबरोबर शिकलो. माझ्या आजीच्या माजघरात कामकरणीचा कप खिडकीत पालथा असायचा. आपण समजतो, अमेरिकेतल्या माणसाला यातलं काय कळणार. पण तुमच्या शेजारीण १९५०च्या आसपास जन्मलेल्या. त्या लहान होत्या तेव्हा दक्षिणेत पिण्याच्या पाण्याचे नळ वेगळे होते, गोऱ्यांचा आणि काळ्यांचा, वर पाट्या लावलेल्या. दुकानात सामान घेता यायचं, पण तिथल्याच काउंटरवर बसून सँडविच खाता यायचं नाही. १ फेब्रुवारी १९६०ला नॉर्थ कॅरोलायनातल्या ग्रीन्सबरो गावी चार कॉलेजकुमार अशाच एका काउंटरवर जाऊन बसले आणि कॉफी मागितली. दिली नाही. ते उठले नाहीत. दुसऱ्या दिवशी आणखी मुलं आली. अटलांटातल्या काळ्या कॉलेजांतल्या मुलामुलींनीही मार्चमध्ये तेच केलं. आणि आपल्याकडे त्याच्या तेहतीस वर्षं आधी, २० मार्च १९२७ला, बाबासाहेब महाडच्या चवदार तळ्याच्या पायऱ्या उतरून ओंजळभर पाणी प्यायले होते.

‘तुमच्या हातचं नको’ हे वाक्य ज्यांनी लहानपणी पाट्यांवर वाचलंय, त्यांच्यापुढे उपासाची सबब टिकत नाही हो. त्यांना कळलं असणार. कदाचित बिस्किटांच्याही आधी.

तुमच्या गावातच एक चर्च आहे, एबनेझर. तिथे मार्टिन ल्यूथर किंग प्रवचन करायचे. शेजारच्या स्मारकात गांधीजींचा पुतळा आहे, भारतातून पाहुणे आले की सगळे तिथे फोटो काढतात, तुम्हीही काढला असेल. किंग १९५९मध्ये भारतात आले होते. केरळात एका शाळेत त्यांची ओळख करून देताना तिथल्या मुख्याध्यापकांनी त्यांना अमेरिकेतून आलेले अस्पृश्य म्हटलं. किंगना आधी धक्का बसला, जरा रागच आला. मग आपल्या देशातल्या काळ्यांची स्थिती त्यांच्या डोळ्यांपुढे आली आणि ते म्हणाले की हो, मी अस्पृश्यच आहे. ही गोष्ट त्यांनी १९६५च्या ४ जुलैला त्याच एबनेझरमध्ये सांगितली. पुतळ्याजवळ फोटो काढताना हे कुणी आठवत नाही, म्हणून लिहिलं.

यजमानांच्या ‘आपल्यालाही ऐकून घ्यावं लागतं’ याबद्दल. खरं आहे. १९२३मध्ये अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने पंजाबातून आलेल्या भगतसिंग थिंद यांना सांगितलंच की तुम्ही गोरे नाही, म्हणून नागरिकत्व नाही. १९४६नंतर भारतातून वर्षाला शंभर माणसं घ्यायची असा कोटा होता. शंभर! तो गेला १९६५च्या स्थलांतराच्या कायद्याने. १९६४मध्ये नागरी हक्कांचा कायदा आणि १९६५च्या उन्हाळ्यात मतदानाच्या हक्काचा कायदा झाला होता. वंश बघून माणसं मोजणं लाजिरवाणं ठरलं, ते काळ्या लोकांनी रस्त्यावर मार खाल्ला म्हणून. आपली तिथली घरं, गाड्या, मराठी मंडळाचे गणपती त्यानंतरचे. त्यांना हे शांतपणे सांगा. वाद घालू नका, आकडे सांगा, आयटीतल्या माणसाला आकडे ऐकू येतात.

मी स्वतः काही सोवळी नाही. शिकागोत पहिल्या महिन्यात बसमध्ये शेजारी काळा माणूस बसला की माझी पर्स मांडीवरून पोटाशी सरकायची. मला कळायचंही नाही. एकदा एक म्हातारे गृहस्थ शेजारी बसले, माझ्या हाताकडे पाहिलं आणि स्वतःचं पाकीट काढून दोन्ही हातांनी छातीशी धरलं. म्हणाले, ‘बरोबर आहे बाई, हल्ली कुणाचा भरवसा नाही.’ आणि खिडकीबाहेर बघत बसले. मी दोन स्टॉप आधीच उतरले. त्यांची माफी मागायची राहिली ती राहिलीच. तुमची शेजारीण कुंपणापलीकडे आहे, तुम्हाला ती सोय आहे.

सासूबाईंचं काय करायचं. त्यांना ‘वंशवाद’ हा शब्द सांगू नका, त्या फक्त गप्प होतील किंवा परतीचं तिकीट अलीकडे घ्यायला लावतील. त्यांना भाकरीवरून आत न्या. ज्वारी सुदानच्या बाजूची, बाजरी पश्चिम आफ्रिकेतली, नाचणी इथिओपिया-युगांडाच्या डोंगरांतली. हजारो वर्षांपूर्वी समुद्र ओलांडून आली आणि आपली झाली. आपण जिला देशाची खूण समजतो त्या भाकरीची तिन्ही धान्यं आफ्रिकेची. चवळीही तिकडचीच. शेजारच्या बाई एक जानेवारीला चवळी-भात पाठवतात तो त्यांचा शकुन. चवळी म्हणजे नाणी, हिरवी पानं म्हणजे नोटा, वर्षभर घरात दोन्ही राहोत. आपण दसऱ्याला आपट्याची पानं सोनं म्हणून देतो ना, सासूबाईंना लगेच कळेल. त्यांची चवळी गुलामांच्या जहाजांबरोबर पश्चिमेकडे गेली, आपली पूर्वेला आली. भेंडीला अमेरिकेत ओक्रा म्हणतात तो शब्दसुद्धा नायजेरियातल्या इग्बो भाषेतला.

आणि रविवारी सकाळी त्यांना तुमच्या परसात खुर्ची टाकून द्या. गाणी ऐकू येतात म्हणालात ना? आमच्या घरमालकीणबाई मला एकदा चर्चमध्ये घेऊन गेल्या होत्या. मी मागच्या बाकावर अंग चोरून बसले. पुढे एक बाई ओळ म्हणायची, सगळा समूह ती उचलून परत द्यायचा, टाळ्या दुसऱ्या-चौथ्या मात्रेवर, आवाज चढत चढत गेला आणि एक म्हातारी उठून जागच्या जागी नाचायला लागली. मला भाषेचे उच्चारही नीट कळत नव्हते, पण डोळ्यांतून पाणी यायला लागलं. कारण हे मी पाहिलं होतं. आमच्या आजोळी एकादशीला भजनात बुवा चरण म्हणायचे, टाळकरी उचलायचे, आणि कुणीतरी एक उठून फुगडी घ्यायचा. गुलामांना जिथे लिहायला-वाचायला बंदी होती तिथे हाच एक ग्रंथ होता, तोंडी आणि सामूहिक. सासूबाई हरिपाठ म्हणत असतील तर त्यांना शब्द न कळताही ते ऐकू येईल.

त्यांना ‘अलबेला’ (१९५१) आठवत असेल तर अजून एक. भगवानदादा नाचतात त्या गाण्यांतला ट्रम्पेट. सी. रामचंद्रांबरोबर तेव्हा गोव्याच्या हळदोण्याचे चिक चॉकलेट होते, खरं नाव अँटोनियो वाझ. पडद्यावरही त्यांचा बँड दिसतो. मुंबईच्या ताज हॉटेलात १९३५पासून लिऑन अॅबी, टेडी वेदरफर्ड असे अमेरिकेतले काळे वादक येऊन जॅझ वाजवत. गोव्याची पोरं त्यांच्याकडून ते शिकली आणि सिनेमाच्या स्टुडिओत घेऊन गेली. म्हणजे सासूबाईंनी तरुणपणी ज्या गाण्यांवर मान डोलावली असेल, त्यांत शेजारच्या अंगणातलं काहीतरी आधीपासूनच होतं.

तुमच्या मुलीचं मात्र आजच बोला. तिने प्रश्न विचारला तेव्हा घरात कुणी काय उत्तर दिलं, ते पत्रात नाही. म्हणजे दिलं नसावं. ‘छे गं, तू कुठे काळी, तू तर गव्हाळ आहेस’ असं चुकूनही म्हणू नका. ते उत्तर म्हणजे काळं असणं वाईट, फक्त तू वाचलीस. म्हणा, ‘हो, आहेस. आजीचं ते “तरी” चुकलं.’ ‘काळी’ हा शब्द चुकीचा नाही, ‘असली तरी’ हे दोन शब्द चुकीचे आहेत. सासूबाईंनाही हेच, पण त्यांच्या भाषेत : विठोबाला सावळा म्हणताना कुणी संत ‘सावळा असला तरी सुंदर’ म्हणालेला नाही. यावर त्यांच्याकडे उत्तर नसणार. हे बोलणं मुलीसमोर झालं तर उत्तम, आजी चुकते आणि दुरुस्त करते हे तिला दिसू द्या.

आता करायचं काय. येत्या रविवारी बाई चर्चहून आल्या की तासाभराने दार वाजवा. फोन करून ‘बोलायचंय’ अशी दवंडी नको. सगळ्यांनी मिळून जाऊ नका, ते शिष्टमंडळ वाटतं. तुम्ही एकट्या जा. फुलं, भेटकार्ड, गिफ्ट कार्ड असलं विकतचं काही नको. सांगायचं एवढंच की त्या दिवशी उपास नव्हता, मी खोटं बोलले, तुम्ही केलेली भाजी तशीच राहिली याची मला लाज वाटते. बस. ‘आमच्याकडे असं असतं’, ‘त्यांचं वय झालंय’, ‘आमचा उद्देश तसा नव्हता’, यातलं एकही वाक्य नको. रडू आलं तर गिळा, नाहीतर त्यांनाच उठून तुमची समजूत घालावी लागेल, आणि ते काम त्यांनी आयुष्यात पुष्कळ केलं असेल. त्या ‘इट्स ओके, हनी’ म्हणतील. त्याचा अर्थ लगेच सगळं ठीक असा घेऊ नका. गप्प राहिल्या तरी तक्रार करू नका. तीन आठवडे तुम्ही डबा लपवून ठेवलात, त्यांनाही तेवढे घेऊ द्या.

सासूबाई तयार झाल्या तर त्यांना नंतर एखाद्या दिवशी न्या, आणि तिथे एकच करू द्या : पाणी मागू द्या. त्यांच्या नळाचं, त्यांच्या पेल्यातून. इंग्रजी येत नसलं तरी ‘वॉटर’ येतंच. तयार झाल्या नाहीत तर ओढून नेऊ नका, पण त्यांच्यासाठी पुन्हा खोटंही बोलू नका. ‘त्या खाणार नाहीत’ एवढं खरं सांगा, कारण विचारलं तर तेही खरं सांगा. ते जड जाईल. जाऊ द्या.

रविवारी हात हलवत मात्र जाऊ नका, ते आपल्यात बरं दिसत नाही. चवळीची उसळ न्या, गोडा मसाला आणि गुळाचा खडा घालून, आणि दोन बाजरीच्या भाकऱ्या. त्यांना म्हणा, ही तुमच्याकडची तीच चवळी, आमच्याकडे अशी होते. त्या भांडं ठेवून घेतील, रिकामं परत देतील किंवा त्यात काहीतरी घालून देतील, ते त्यांच्यावर सोडा. शनिवारी रात्री चवळी भिजत घाला, सकाळी उपसा. मोड आणायच्या फंदात पडू नका, नुसती भिजलेली चांगली लागते.

– माई